गाडी सोडायची नाही

हारुनमामूंचं घर आमच्या गल्लीत अगदी शेवटी आहे. नवीन जालन्यात स्टेशनकडून यायला लागलं की बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या जिथं संपतात, तिथं आमची गल्ली सुरू होते. मामूंचं घर लहान आणि घरासमोरची जीप मोठी. कुणी नवखा माणूस त्यांचा पत्ता विचारत आला की आम्ही सांगतो, आधी जीप दिसेल, मग तिच्या मागं घर शोधा.

मामूंनी चौतीस वर्षं एका बियाणे कंपनीची जीप चालवली. साहेबांना शेतातल्या प्लॉटवर न्यायचं, प्लॉटवरचं बियाणं आणायचं, पुन्हा न्यायचं. जालन्यातून निघाले की कधी निजामाबाद, कधी कर्नूल, कधी हिंमतनगर. महिन्यातले वीस दिवस माणूस बाहेर. निवृत्त झाले त्याच वर्षी कंपनीनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या. लोकांनी निवृत्तीच्या पैशांतून घराला रंग दिला, मामूंनी हीच जीप विकत घेतली. तिला गिअरच्या दांडीशेजारी एक छोटी दांडी आहे. ती ओढली की चारही चाकं एकदम जोर लावतात आणि गाडी चिखलातून म्हशीसारखी निवांत बाहेर येते. गल्लीतल्या प्रत्येक पोराला मामूंनी ती दांडी एकदा तरी ओढू दिली आहे.

आमच्या काळ्या मातीत गाडी कशी चालवावी हे मामूंना विचारावं. कुठली जमीन गाडी पेलेल आणि कुठली गिळेल, हे ते टाच रोवून सांगत. आणि त्यांचा एक नियम होता, तो सगळ्या जालन्याला पाठ होता: ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. गाडी बंद पडो, रुतो, पेटो, ड्रायव्हर गाडीपाशी. चावी ते झोपताना उशाखाली ठेवत.

या नियमाचं कौतुक करणारे पुष्कळ होते. त्याचा चटका ज्यांना बसला ते कौतुक करत नव्हते. म्हणजे माझी मैत्रीण सबिहा, मामूंची एकुलती एक मुलगी.

मी आणि सबिहा पहिलीपासून एका बाकावरच्या. आता मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि ती शाळेचे गणवेश शिवते, म्हणजे मी पोरं बिघडवते आणि ती त्यांना झाकते, असं माझा नवरा देवानंद म्हणतो. सहावीत असतानाची गोष्ट सांगते. जुलै महिना होता. शाळा सुटली आणि पावसानं आम्हाला कापसाच्या जिनिंग मिलच्या लांब भिंतीपाशी गाठलं. त्या रस्त्यावर आडोसा म्हणून एक कडुलिंब, बस. दप्तर पोटाशी धरून आम्ही त्याच्याखाली उभ्या. तेवढ्यात समोरून मामूंची जीप आली. रिकामी. सबिहानं आनंदानं हात वर केला. मामूंनी आमच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून गाडी पार पलीकडच्या कडेनं घेतली, हळू घेतली, आणि निघून गेले. कंपनीच्या गाडीत घरच्यांना बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. इतर ड्रायव्हर तो कंपनीच्या फाटकापुरता पाळत. मामू सगळीकडे पाळत.

सबिहानं हात खाली घेतला आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोलले. मला तेव्हाही राग आवरत नसे.

पुढं सबिहाचं लग्न ठरत होतं त्या वर्षी तिची आई, इमामबी, सकाळी भाकरी करता करता कोसळली. मामू तेव्हा निजामाबादकडे होते. जीप चिखलात रुतलेली, आत पायाभूत बियाणं, म्हणजे ज्याच्यापासून पुढचं सगळं बियाणं तयार होतं ते. निरोप त्यांना दुपारी मिळाला. दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी ताब्यात घेईपर्यंत मामू गाडीपाशी थांबले. जालन्यात पोचले तेव्हा इमामबीचं दफन होऊन गेलं होतं.

सबिहानं बापाला टाकलं नाही. तिचा नवरा पुण्यात कारखान्यात आहे, ती इथंच, मामूंपासून दोन घरं सोडून राहते. दोन्ही वेळचा डबा पोरीच्या हाती पाठवते. पण बोलणं कामापुरतं. आणि त्या जीपमध्ये ती कधी बसली नाही, ती मामूंची स्वतःची झाल्यावरही नाही. एकदा मी तिला म्हटलं, अगं, झालं गेलं सोड आता. तर मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अम्मीचं मी समजून घेतलं, संध्या. निरोप लेट आल्ता, लाखमोलाचं बियाणं होतं. समजलं. पन तो पाऊस समजत न्हाई. गाडी रिकामी होती ना गं."

मी तिच्यापुढच्या गणवेशांना बटणं लावायला घेतली.

तर सबिहाची दोन मुलं. अफ्रीन अकरा वर्षांची, वहीत सगळं लिहून ठेवणारी. शाहबाज सात वर्षांचा, सगळं तोडून बघणारा. दोघांचा जीव नानांवर, म्हणजे आजोबा हारुनमामूंवर, आणि नानांचा त्यांच्यावर. गेल्या वर्षी अफ्रीनच्या भूगोलाच्या पुस्तकात कच्छच्या रणाचं चित्र आलं. पांढरीशुभ्र जमीन, आभाळापर्यंत. ती पुस्तक घेऊन नानांकडे गेली.

"नाना, तुम तो सब जगह गये. ये देखे?"

मामूंनी चष्मा लावून चित्र बराच वेळ बघितलं. मी तेव्हा तिथंच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "चौतीस साल फिरलो बेटा, पन प्लॉट सोडून काय बघितलं न्हाई. हैदराबादला पन्नास वेळा गेलो असेन, चारमिनार न्हाई बघितला. गाडी सोडून कसं जायचं?"

आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरांना जीपमधून रणात न्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. अकरा दिवस. हॉटेल नाही, जीपला ताडपत्री बांधून मुक्काम, स्टोव्हवर स्वयंपाक. वय सहासष्ट, गुडघा दुखतो, पण बोलताना डोळे शाहबाजसारखे.

सबिहानं ऐकून घेतलं आणि "न्हाई" म्हणाली. मामू उठून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, ते नुसते उठून गेले. त्या दिवसापासून डबा अर्धा परत यायला लागला. चौथ्या दिवशी सबिहा माझ्याकडे आली.

"तू जाशील का सोबत?" ती म्हणाली.

"मी?"

"तुझी लेक पायल पन जाईल. तू असलीस तर मी पाठवते. माझा त्यांच्यावर भरोसा न्हाई, संध्या. गाडीला काय झालं ना, तर ते पोरं सोडून गाडीचंच बघत बसतील. बिलकुल बदलले न्हाईत ते."

मी हो म्हटलं. देवानंदला बँकेतून सुट्टी नव्हती, त्यामुळं त्यानं मोठ्या मनानं परवानगी दिली. सबिहानं मामूंपुढं एकच अट ठेवली: रोज मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या अजानला फोन करायचा. एक दिवस चुकला तर पोरं पुन्हा कधी गाडीत बसणार नाहीत. मामूंनी मान हलवली. ती मान हलवताना त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की हा माणूस रण बघायला चाललेला नाही. हा परीक्षेला बसतोय.

तयारी बघण्यासारखी होती. मामूंनी तिघा पोरांना बियाण्याच्या कापडी पिशव्या दिल्या आणि प्रत्येकीला पोत्याला लावतात तशी चिठ्ठी शिवली: नाव, गाव, निघाल्याची तारीख. शाहबाजच्या चिठ्ठीवर "काळजीपूर्वक हाताळा" असंही लिहिलं. अफ्रीनला जुनं लॉगबुक मिळालं. कुठून निघालो, कुठं पोचलो, किती किलोमीटर झाले, रोज लिहायचं. पाण्याचे चार कॅन, तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, आणि माझ्या आग्रहानं दोन किलो शंकरपाळे. निघताना मामूंनी जीपभोवती फेरी मारून प्रत्येक चाकाच्या नटांना हात लावला, बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली. सबिहा दारात उभी होती. तिनं पोरांना हात केला. बापाला नाही.

पहिले पाच दिवस मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि मला पकडण्यासारखं काही सापडलं नाही. धुळ्याच्या पुढं एका शेतात मुक्काम झाला, नर्मदा ओलांडल्यावर एका देवळाच्या आवारात. मामू संध्याकाळी ताडपत्री बांधायचे, पोरं दगड रचायची, मी खिचडी टाकायचे. पायलला ताडपत्रीच्या गाठी येऊ लागल्या. शाहबाज रोज एक नवीन प्रश्न विचारायचा आणि मामू त्याचं उत्तर द्यायला गाडी थांबवायचे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते: गाडी थांबवायचे. आणि रोज, अजानच्या वेळेला दहा मिनिटं असली की मामू फोन हातात घेऊन बसायचे. आम्ही पश्चिमेला चाललो होतो, तिथं दिवस उशिरा मावळायचा, पण मामूंचं घड्याळ जालन्याच्या अजानवर चालत होतं. "हां, सबिहा. सब खैरियत. लो, अफ्रीन से बात करो." एवढंच स्वतः बोलायचे आणि फोन पोरांना द्यायचे. मग लांब जाऊन उभं राहून ऐकायचे.

सहाव्या दिवशी आम्ही कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला पोचलो. वनखात्याची परवानगी काढली. मीठ पिकवणाऱ्या एका जोडप्याच्या झोपडीशेजारी सामान उतरवलं. माणूस मितभाषी होता, बाई हसरी. दुपारी आम्ही रणात फिरायला निघालो तेव्हा तो हिंदीत मामूंना म्हणाला, "चाचा, गाडियों का जो निशान बना है ना, उसको छोड के मत जाना. इस साल पानी देर से गया है." मामूंनी मान हलवली, मीही हलवली. आम्ही दोघंही आयुष्यभर माना हलवत आलेलो.

रण कसं होतं ते मी सांगायला बसले तर दिवस जाईल. पोरं गप्प झाली, यावरून ओळखा. शाहबाजसुद्धा. चार-पाच किलोमीटर आत गेल्यावर डाव्या हाताला रानगाढवांचा कळप दिसला, आणि कळपात एक इवलंसं शिंगरू. पण लांब होतं. पोरं टाचा उंचावून बघू लागली. "नाना, थोडा पास लो ना. थोडाच."

मामू खाली उतरले. गाड्यांच्या चाकांच्या निशाणाच्या बाहेर दहा पावलं गेले, टाच रोवून बघितली. जमीन टणक वाजली. आणि सगळीकडे भेगा. उन्हाळ्यात आपल्या रानात पडतात तशा.

"काय वाटतं बेटा?" त्यांनी मला विचारलं.

आता मी कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची नात. भेगा पडलेली जमीन म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं? आमच्या काळ्या रानाला भेगा पडल्या म्हणजे ते खोलवर वाळलं, मग बैलगाडी घाला, ट्रॅक्टर घाला. आमचे आजोबा भेगेत काठी घालून बघायचे, ती हातभर आत जायची. मी काही काठी घातली नाही. जीपमध्ये बसल्या बसल्याच निकाल दिला, "भेगा पडल्यात मामू. वाळलीय जमीन."

"बराबर," मामू म्हणाले.

जालन्याबाहेरच्या कुणीही ही चूक केली नसती. त्यानं आपलं निमूट मीठवाल्याचं ऐकलं असतं. इथं भेगा फक्त वरच्या मिठाच्या पापुद्र्याला होत्या, बोटभर खोल. साठ-सत्तर पावलं गाडी छान चालली. मग पुढचं डावं चाक खाली गेलं. मामूंनी छोटी दांडी ओढली. चारही चाकांनी जोर लावला आणि चारही चाकं खाली गेली. वरचा पांढरा पापुद्रा फुटून आतून काळाभोर, घाण वासाचा चिखल वर आला. शिंगरू आईमागं पळून गेलं.

मामूंनी गोणपाटं चाकाखाली घातली. ताडपत्री घातली. जॅक लावला तर जॅकच चिखलात बुडाला. मी आणि अफ्रीननं मागून रेटा दिला आणि तोंडापर्यंत चिखलानं माखलो. तासाभरानं एक्सल जमिनीला टेकला. साडेचार वाजून गेले होते. फोनला रेंज नव्हती. रेंज येत होती ती फक्त झोपडीजवळ.

मामू जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. गाडी अजून हळूहळू खचत होती, डोळ्यांना दिसावं इतकी. मला त्यांची दया आली आणि सबिहाचे शब्दही आठवले. मीच म्हटलं, "मामू, तुम्ही थांबा गाडीपाशी. मी पोरांना घेऊन चालत जाते. निशाण दिसतंय, चुकायची नाही. तिथून मदत पाठवते."

त्यांनी बॉनेटवरचा चिखल तळहातानं पुसला. मग "हां" म्हणाले. "हां बेटा. जा तुम्ही. जल्दी जा."

मी पाण्याच्या बाटल्या पोरांच्या गळ्यात अडकवल्या. शाहबाजचा हात धरला. पन्नासेक पावलं गेलो असू. खरं सांगते, मला त्या वेळी मामूंचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. थांबा असं मीच म्हटलं होतं, तरी राग आला. माझ्या म्हणण्याला त्यांनी नाही म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

मागून पावलांचा आवाज आला. मामू लंगडत, जवळजवळ पळत येत होते. पायात चिखल, डोक्यावर टोपी नाही. आल्या आल्या त्यांनी शाहबाजला उचलून खांद्यावर घेतलं.

"चावी?" मी विचारलं.

"गाडीतच हाय."

"अहो, पण गाडी..."

"एकदा थांबल्तो गाडीपाशी," मामू म्हणाले. "आता न्हाई थांबत."

आणि चालू लागले. मागं वळून बघतील असं मला वाटलं होतं. मी दोनदा बघितलं. पांढऱ्या मैदानात ती हिरवी जीप लहान होत चालली होती, एका अंगाला कललेली. मामूंनी एकदाही बघितलं नाही.

पाच किलोमीटर म्हणजे शहाण्या माणसाला सव्वा तास. आम्हाला दोन तास लागले. मामूंचा गुडघा दर पावलाला बोलत होता. मी म्हटलं, शाहबाजला चालू द्या थोडं. तर म्हणाले, त्याचे बूट चिखलात राहिले, मिठानं पाय कापतील. मध्ये मध्ये पायल आणि अफ्रीन दोन्ही बाजूंनी त्यांचा हात धरत. मी शंकरपाळे वाटले. त्याच शंकरपाळ्यांवरून देवानंद मला निघताना हसला होता.

सूर्य खाली उतरायला लागला. अफ्रीननं मामूंच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. जालन्यात अजान होऊन गेली होती.

"नाना, डर लग रहा क्या?"

"गाडी का?"

"नहीं. अम्मी का."

"हां," मामू म्हणाले. "बहुत."

"मेरे को भी," अफ्रीन म्हणाली. मग दोघं हसले. मीसुद्धा हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यावरच शेवटचा किलोमीटर निघाला.

झोपडीजवळ मिठाचा मोठा ढीग होता, दोन पुरुष उंचीचा. त्याच्या माथ्यावर चढलं की फोनला रेंज येई. मामू गुडघा धरून ढिगावर चढले. आम्हीही मागोमाग. फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून अफ्रीननं स्पीकर सुरू केला. पहिली घंटी पुरी वाजलीसुद्धा नाही.

"कहां थे आप?" सबिहाचा आवाज फाटला होता. "पाऊण तास झाला! पोरं कुठं हायत? संध्या कुठं हाय? देवानंदभावजींना मी तीनदा फोन केला. मला माहीत होतं. मला माहीतच होतं! गाडी बंद पडली ना? गाडीचं काम करत बसले ना तुम्ही? पोरं उन्हात, आन् तुम्ही गाडीखाली! सच बोलो अब्बा!"

मी फोन घ्यायला हात पुढं केला. त्याआधी शाहबाजनं तो ओढून घेतला.

"अम्मी, गाडी डूब गई!" तो आनंदानं ओरडला. "पूरी! नाना मेरे को कंधे पे लाये. इत्ता दूर से! गधे का बच्चा भी देखे हम."

"गाडी... गाडी कोण बघतंय मग?" सबिहानं विचारलं. "गाडी किसके पास है?"

"किसी के पास नहीं."

"नाना किधर हैं?"

"इधरीच हैं. मेरे बाजू में. नाना गाडी छोड के आये, अम्मी. चावी भी वहींच छोड दिये."

पलीकडं काही ऐकू येईना. अफ्रीनला वाटलं रेंज गेली. तिनं फोन वर धरला. रेंज गेली नव्हती. सबिहा रडत होती. तिला रडताना मी आयुष्यात दोनदाच ऐकलं आहे, एकदा इमामबी गेली तेव्हा. मामूंनी तोंड फिरवलं आणि मिठाच्या ढिगावर तसेच खाली बसले. मलाही रडू आवरलं नाही. आवरायचं कशाला?

बऱ्याच वेळानं सबिहा म्हणाली, "अब्बा."

"हां, बेटा."

"घुटने को तेल लगाओ. संध्याच्या पिशवीत हाय, मी ठेवलंय."

मला त्या बाटलीचा पत्ताच नव्हता. माझ्याच पिशवीच्या तळाशी, कपड्यात गुंडाळलेली. म्हणजे दारात उभी राहून बापाला हात न करणाऱ्या पोरीनं बापाच्या गुडघ्याचं तेल मात्र बांधून दिलं होतं.

"कल वापस निकलते हम," मामू म्हणाले.

"कशाला?" सबिहा नाक ओढत म्हणाली. "अजून पाच दिवस हायत ना? पोरांना सगळं दाखवा. तुम्ही पन बघा. पन फोन करा."

सकाळी मीठवाल्यानं ट्रॅक्टर आणला, सोबत लाकडी फळ्या. तो एका शब्दानंही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. मी त्याच्या जागी असते तर चारदा म्हणाले असते. दुपारपर्यंत जीप बाहेर निघाली. मामूंनी ती गोड्या पाण्यानं धुतली, पण मिठानं पत्र्याला जागोजागी चट्टे पाडले ते पाडलेच. अफ्रीननं आदल्या दिवसाचं लॉगबुक लिहिलं: गाडी, पाच किलोमीटर. आम्ही, पाच किलोमीटर.

अकराव्या दिवशी दुपारी आम्ही जालन्यात पोचलो. गल्लीतली पोरं जीपमागं धावली. सबिहा दारात होती. पोरांना पोटाशी धरून झालं, मला टपली मारून झाली. मग ती जीपकडे गेली. पत्र्यावरच्या चट्ट्यांवरून तिनं हात फिरवला. ड्रायव्हरशेजारचं कापडी दार बाजूला केलं आणि आत बसली. मामू अजून स्टिअरिंगवरच होते.

"कहां जाना?" त्यांनी विचारलं.

"स्कूल की तरफ," सबिहा म्हणाली. "नुस्तं एक चक्कर."

आम्ही सगळे पुन्हा मागं कोंबून बसलो. जिनिंग बंद होऊन आता वर्षं झाली. भिंत अर्धी पडली आहे, पण कडुलिंब आहे. सबिहा काही बोलली नव्हती. मी तर जन्मात मामूंपुढं त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. तरी बरोबर त्या कडुलिंबापाशी मामूंनी ब्रेक दाबला आणि गाडी बंद केली.

"तुम्हाला जागा याद हाय?" सबिहानं विचारलं.

"आरशात बघत होतो," मामू समोर बघत म्हणाले. "वळणापर्यंत दिसत होत्या दोघी. भिजत होत्या." मग म्हणाले, "उतर बेटा. उतर जरा. संध्या, तू पन."

आम्हाला काही कळलं नाही, पण आम्ही उतरलो. मामू जीप घेऊन वळणापर्यंत गेले, तिथं वळवली आणि समोरून यायला लागले. आम्ही दोघी, चाळिशी ओलांडलेल्या बायका, कडुलिंबाखाली उभ्या. रस्त्यानं जाणारा एक रिक्षावाला आमच्याकडे बघत गेला. सबिहानं माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला.

जीप आमच्यापुढं येऊन थांबली. मामूंनी आतून वाकून कापडी दार बाजूला केलं.

"बैठो, बैठो जल्दी," ते म्हणाले. "भीग जाओगे."

नोव्हेंबरचं ऊन होतं. आभाळात ढगाचं नावसुद्धा नव्हतं. आम्ही दोघी घाईघाईनं आत बसलो.